चपला काढायची जागा

तांडेल बाईंनी आम्हाला भिंतीवरचा नकाशा फारसा शिकवला नाही. तो होता, फळ्याशेजारी खिळ्याला टांगलेला, एका कोपऱ्यात उंदरांनी खाल्लेला. पण भूगोलाचा तास सुरू झाला की बाई छत्रीचं टोक दरवाजाकडे करायच्या आणि आम्ही उठून शाळेसमोरच्या रस्त्याच्या कडेला उभे राहायचो. उधव्याहून तलासरीकडे जाणारा तो रस्ता.

"बघा आणि सांगा. काय जातंय, काय येतंय."

जायचे ते गवताचे ट्रक, दुधाचे कॅन, चिकूच्या पेट्या, सरपण, टेम्पोत उभी राहून कामाला निघालेली माणसं. यायचं ते सिमेंट, साबण, बिस्किटं, पत्रे. आम्ही ओरडून सांगायचो आणि बाई मान हलवायच्या. शेवटी त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "जातं ते ओलं, येतं ते सुकं. लक्षात ठेवा, परीक्षेत येणार नाही."

एकदा मागच्या बाकावरचा रमण म्हणाला, "बाई, तुमचे बोंबील पण सुकेच येतात."

बाई वरोरच्या. समुद्राकाठच्या मच्छीमारांच्या घरातल्या. रविवारी माहेरी जाऊन आल्या की त्यांच्या पिशवीला वास यायचा आणि सोमवारी सगळी शाळा नाक मुरडायची. रमणचं ऐकून आम्ही बाईंच्या छत्रीकडे बघितलं. बाई एवढ्या हसल्या की त्यांना छत्रीवर टेकावं लागलं. "बरोबर. माझं गावही तुम्हाला सुकंच पाठवतं. ओलं कुठे जातं, सांग बरं?"

"मुंबईला," आम्ही सगळे म्हणालो.

बाई आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या यजमानांची रेल्वेत नोकरी होती आणि डहाणूत क्वार्टर होतं. बाकीचे शिक्षक बदलीसाठी अर्ज करत, आणि बदली होईपर्यंत घड्याळ बघत. बाईंनी शाळेजवळच खोली घेतली आणि आठवड्याला घरी जाऊ लागल्या. का, ते कधी सांगितलं नाही. आम्हाला वाटायचं, त्यांना आमचा पाडा आवडतो. पोरांना असंच वाटतं. पुढे कळलं की नवरा-बायकोचं फारसं पटत नव्हतं. पण पाडा आवडत नव्हता असंही नाही.

त्या आम्हाला आडनावाने हाक मारायच्या. मी 'वरठा'. वर्गात आम्ही चार-पाच वरठा होतो, तरी कुणाला हाक मारली आहे ते आवाजावरून कळायचं.

पाड्याच्या डोक्यावर डोंगरी होती. फार उंच नाही. खालून वर चढायला म्हाताऱ्यालाही दम लागू नये एवढी. वर एक दगड रोवलेला होता. त्यावर वाघ कोरलेला, डोक्यावर चंद्र आणि सूर्य. तो आमचा वाघदेव. अर्ध्या वाटेवर एक मोहाचं झाड होतं. तिथे चपला काढायच्या. त्याच्या वर कुणी पायात काही घालून जात नसे. गवत कापणारे नाहीत, गुरं वळणारे नाहीत, मतं मागायला आलेले पुढारीसुद्धा नाहीत.

बाई आम्हाला घेऊन पहिल्यांदा वर निघाल्या तेव्हा जान्याबाबा सोबत होते. जान्याबाबा आमचे भगत. पाड्यात कुणी आजारी पडलं, जनावर हरवलं, लग्न जुळेना, की सुपात तांदळाचे दाणे टाकून देवाला विचारायचं काम त्यांचं. मोहापाशी त्यांनी बाईंच्या पायांकडे बघितलं.

"काढायच्या काय, बाबा?"

"देव वर बसलेला नाय, बाय. सगळी डोंगरी त्याची मांडी हाय. मांडीवर चपल घेऊन चढशील?"

बाईंनी चपला काढल्या. वरोरची माणसं वाळूत वाढलेली. त्यांच्या तळव्यांना गवताची खुंटं माहीत नव्हती. खाली येईपर्यंत बाई लंगडायला लागल्या होत्या. आमच्या मुलींनी त्यांना मोहाखाली बसवलं आणि बाभळीच्या काट्याने त्यांच्या पायातले काटे काढले. बाई "आई गं" म्हणत होत्या आणि मध्येच विचारत होत्या, "हे झाड कसलं? आणि ते?" त्यानंतर त्या दर वर्षी वर्ग घेऊन वर गेल्या. काटे दर वर्षी निघाले. चपला त्यांनी एकदाही वर नेल्या नाहीत.

वर बसून त्यांनी आम्हाला जे शिकवलं ते पुस्तकात नव्हतं. साहेबाच्या राज्यात इथला साग कसा गेला, ते. आधी जंगलावर सरकारचा शिक्का बसला, मग व्यापारी आले, मग झाडं तोडायला आमचेच पणजे लागले. मुंबई वाढत होती. तिला तुळया हव्या होत्या, रुळांखाली घालायला लाकूड हवं होतं. साग संपत आला तेव्हा गवत. तिथल्या घोड्यांना गवत, पुढे तबेल्यातल्या म्हशींना गवत. माझा बाप ते गवत कापायचा. मला तोवर वाटत होतं की गवत उगवतं तसंच जातं. ते कुठे जातं, हा प्रश्न असू शकतो हे मला ठाऊक नव्हतं.

"म्हणजे मुंबईवाले चोर," रमण म्हणाला.

"थांब," बाई म्हणाल्या. "तुझ्या पणजाने कापलं ना? मग डहाणूच्या खाडीतून गलबतात भरून नेलं कुणी? माझ्या पणजाने. तांडेल म्हणजे काय? होडीचा मुख्य. तो घरी सागाची पेटी घेऊन आला होता, बक्षीस म्हणून. आमच्या घरी अजून आहे ती. माझी लग्नातली लुगडी तिच्यात ठेवतात." त्यांनी दगडातल्या वाघाकडे बघितलं. "चोर म्हणायला सोपं असतं. शहर कुणी एकटं बांधत नाही."

कुणाला शिव्या न देता अशी गोष्ट सांगणारं माणूस मी पुढे कॉलेजातही पाहिलं नाही. मी कॉलेजात गेले ती बाईंमुळे. डहाणूला प्रवेश घ्यायला त्या माझ्यासोबत आल्या, रांगेत उभ्या राहिल्या, आणि माझ्या बापाला म्हणाल्या, "हिला गवतावर पाठवू नका. गवत तुम्हाला काय देतं ते तुम्ही बघितलंत." आमच्या घरात माझ्याआधी दहावीही कुणी झालं नव्हतं. माझं हे असं लिहिणं बाईंनी दिलेलं आहे, म्हणून त्यांची चांगली गोष्ट लिहावी असं मनात होतं. पण बाईंची गोष्ट डोंगरीची आहे, आणि डोंगरी आता नाही.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना पलीकडच्या अंगाने मुरूम काढायला सुरुवात झाली. आधी एक पोकलेन, मग डंपर, मग कठीण दगड लागला तिथे सुरुंग. परवानगी होती म्हणे. डोंगरीच्या आमच्या बाजूला हात लावायचा नाही असं पाड्याने बजावलं होतं. ठेकेदाराची माणसं दोन वेळा आली आणि दोन्ही वेळा मोहाच्या झाडापासून परत गेली. जान्याबाबा तिथे बसलेले असायचे. भांडत नसत. "चपला काढा आन् या वर," एवढंच म्हणत. बूट काढून कुणी वर गेलं नाही. ड्रायव्हर आपल्याच भागातले होते. ते मशीन मोहाच्या पुढे आणायला तयार नव्हते. मशीनच्या पायातल्या लोखंडी पट्ट्या कशा काढणार, असं एकाने मालकाला विचारलं, आणि मालक हसला नाही म्हणतात.

पण सुरुंगाने जमीन हादरायची. एका सकाळी वाघदेव कलला. दुसऱ्या अंगाने जमीन खचत त्याच्या पाठीशी आली होती.

बाईंची निवृत्ती जवळ आली होती. त्या धावत वर गेल्या, अनवाणी, आणि खाली आल्या त्या रडतच जान्याबाबांच्या अंगणात बसल्या. मी सुट्टीला घरी होते, म्हणून तिथे होते.

"बाबा, देव कोसळेल हो. मशीनखाली जाईल, तुकडेसुद्धा मिळायचे नाहीत. आपण त्याला खाली आणू या."

जान्याबाबांनी सूप पुढ्यात ओढलं.

"आमच्याकडे असंच करतात," बाई म्हणाल्या. "समुद्र किनारा खायला लागला की देऊळ मागे घेतात. माझ्या लहानपणी आमच्या देवीला उचलून माडांच्या मागे आणलं. आधी देव मागे, मग घरं मागे. देव वाचला की माणसाला धीर राहतो. पुन्हा होड्या घालायच्या, पुन्हा समुद्राशी भांडायचं."

जान्याबाबांनी सुपात दाणे टाकले. पुष्कळ वेळ बघत बसले. दाणे काय म्हणाले ते त्यांनी सांगितलं नाही. मग म्हणाले, "बाय सांगते. बायनं पोरं शिकवली. आणू."

देव खाली आणला तो दिवस सणासारखा गेला. कोंबडा, नारळ, ताडी. बाप्यांनी दगड बांबूला बांधून खांद्यावर घेतला, बाया गात पुढे चालल्या. शाळेमागच्या आंब्याखाली नवा खड्डा करून तो रोवला. शेंदूर बाईंनी डहाणूहून आणला होता. त्यांच्या बोटांना तो लागला होता आणि चष्म्यालाही. त्या मला म्हणाल्या, "वरठा, आता मी सुखाने रिटायर होईन."

दुसऱ्या दिवशी मोहाखाली कुणी बसलं नव्हतं. बसायचं कशाला?

ठरवून काही झालं नाही. हे मला नीट सांगता येत नाही, पण तसंच झालं. पहिल्यांदा एक गुराखी पोरगा चपला घालून वर गेला. कुणी हटकलं नाही. मग बाया सरपणाला तशाच गेल्या. मग ठेकेदाराचा माणूस आला, गोड बोलला, "डोंगरावर आता तुमचं काय राहिलंय? देव तर तुम्हीच नेलात." पाड्याची बैठक बसली आणि उठली. देव होता तोवर ती मांडी होती. देव उठला, आता ती माती. पोकलेन मोहापर्यंत आलं आणि मोहाचं झाड पडलं.

बाईंना कळलं तेव्हा त्या वर्ग सोडून आल्या. चपला त्यांनी मोहाच्या खुंटापाशी काढल्या आणि ढिगाऱ्यावरून वर चढल्या. मी आणि काही बाया मागोमाग होतो. मशीन थांबलं. काचेच्या केबिनमधून रमण उतरला. तोच, बोंबलांवरून बोललेला. तो मशीन शिकून आला होता हे आम्हाला माहीत होतं. इथे लागला आहे हे माहीत नव्हतं.

"चपला काढ," बाई म्हणाल्या.

रमणने पायातल्या बुटांकडे बघितलं. तो उर्मट नव्हता. उर्मट असता तर बरं झालं असतं.

"बाई, देव खाली आहे ना आता. तुम्हीच नेलात. नाहीतर मी ह्या कामावर आलोच नसतो. देवाच्या अंगावर मशीन घातलं असतं का मी?"

बाई म्हणाल्या, "जेवलास का?"

"नाही, बाई."

"जेवून घे." आणि त्या वळल्या. उतरताना त्यांचा पाय घसरला, मी हात दिला. तो हात त्यांनी खालपर्यंत सोडला नाही.

संध्याकाळी त्या जान्याबाबांकडे गेल्या. ओट्यावर बसल्या, पदर डोळ्यांना लावून. "बाबा, मी घात केला. देव वाचवायला गेले आणि डोंगर घालवला."

जान्याबाबा विडी वळत होते. "तू घात नाय केलास. तुझ्या गावचा देव चालतो, बाय. आमचा बसतो. मला ठावं होतं."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"तू रडत होतीस ना तेव्हा पण."

पाड्यात बाईंना कुणीच काही बोललं नाही. निरोप समारंभात त्यांना शाल दिली, श्रीफळ दिलं, फोटो काढला. फोटोत त्या आंब्याकडे पाठ करून उभ्या आहेत.

डोंगरीच्या पायथ्याला झरा होता, तो दुसऱ्या उन्हाळ्यात आटला. देवाला परत वर नेऊ असं बाईंनी एकदा सुचवलं होतं. जान्याबाबा म्हणाले, "वर कुठं?" खरंच वर असं काही उरलं नव्हतं.

निवृत्तीनंतर बाई काही वर्षं वरोरला भावाकडे राहिल्या. तिथेही किनाऱ्यावर मोठ्या कामाची बोलणी सुरू झाली होती. समुद्रात भराव पडणार, कुठून कुठून मुरूम येणार. मी भेटायला गेले तेव्हा त्यांचा भाऊ जाळं दुरुस्त करत बसला होता. म्हणाला, "ताई सांगते, देव मागे घेतात. पण मागे आता रस्ता, रस्त्यामागे बिल्डिंग. मागे जागाच नाही, तर घेणार कुठे?" बाई आत निघून गेल्या. सागाची पेटी उघडल्याचा आणि बंद केल्याचा आवाज आला.

त्या काळात त्यांना एकच ध्यास लागला होता. डोंगरी कुठे गेली? त्यांनी रमणला फोन केला. त्याने सांगणं टाळलं नाही. म्हणाला, "बाई, आम्ही हायवेच्या डेपोत टाकायचो. तिथून पुढे कोण नेतं, ठाऊक नाही. कुणी रस्त्याला, कुणी विरारकडे बिल्डिंगांच्या भरावाला." बाई एसटीने हायवेपर्यंत जायच्या, टपरीवर चहा घेऊन बसायच्या आणि डंपर बघायच्या. काय जातंय, काय येतंय. एकदा मी सोबत होते. टपरीवाल्याने विचारलं, "मावशी, कुणाची वाट बघताय?" बाई म्हणाल्या, "कुणाची नाही. निरोप द्यायला आलेय."

मग गुडघे दुखायला लागले आणि मुलाने त्यांना विरारला नेलं.

मी त्यांना शेवटची भेटले ती तिथे. पूर्वी खाडीचं पाणी शिरायचं ते खाजण होतं, त्या बाजूला उंच उंच इमारतींचं संकुल झालं आहे. गेटवर कारंजं. बाई सातव्या मजल्यावर. बारीक झाल्या होत्या. मी डोंगरातली कोवळी भाजी नेली होती, पलीकडच्या गावच्या डोंगरातली. आमच्यात पावसाळ्यातली ही पहिली भाजी देवाला दाखवल्याशिवाय खात नाहीत, हे बाईंना माहीत होतं.

"देवाला दाखवलीस, वरठा?"

"हो बाई."

"कुठे?"

"शाळेमागे. आंब्याखाली."

त्यांनी भाजी हातात घेतली, नाकाशी धरली आणि सुनेकडे दिली. जान्याबाबा गेल्याचं मी सांगितलं. त्यांना कळलेलं होतं. मग त्यांनी रमणचं विचारलं. तो आता सुरतेकडे असतो, म्हटलं. "जेवतो ना वेळेवर?" त्या म्हणाल्या.

मी निघाले तर म्हणाल्या, "चल, खाली येते. माझी फिरायची वेळ आहे." सूनबाई हसून मला म्हणाल्या, "बघा तुम्हीच. चपला घाला म्हणून सांगा त्यांना. इथे सगळे बघतात."

खाली पार्किंग होतं, त्यावर राखाडी फरशा. टोकाला, कुंपणाच्या भिंतीशी, फरशा संपून उघड्या जमिनीचा पट्टा राहिला होता. बाग होणार होती, झाली नाही. तिथे तांबडा मुरूम दिसत होता. बाई फरशीच्या काठाशी थांबल्या, भिंतीला हात टेकला आणि चपला काढल्या.

वॉचमन लांबून म्हणाला, "आजी, काच असते तिथे. रोज सांगतो."

"असू दे. काटेही असायचे."

त्या पट्ट्यावरून हळूहळू गेल्या, परत आल्या. मीही चपला काढल्या. माती गरम होती.

"बाई, ही आपली आहे का?"

त्यांनी खाली बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं, परीक्षेत पेपर बघायच्या तसं.

"कुणाला माहीत, वरठा. आपली नसेल. पण कुणाच्या तरी देवाची मांडी आहेच ना ही."

मी पाया पडले. त्यांच्या पावलांना तांबडी धूळ लागलेली होती, तिलाच माझं कपाळ टेकलं. मग मी निघाले. त्यानंतर पावसाळा संपायच्या आत बाई गेल्या. मला उशिरा कळलं.

त्या दिवशी गेटपाशी पोचल्यावर मी मागे वळून बघितलं होतं. एक पांढरी गाडी वळायला जागा नाही म्हणून त्या पट्ट्यावर चढली होती. बाई बाजूला होऊन फरशीच्या काठावर उभ्या होत्या, चपला हातात. गाडी निघून जायची वाट बघत होत्या.